मंदाआत्यांनी पास केलेला माल

मंदाआत्यांच्या स्वयंपाकघरात एकाही डब्यावर, बाटलीवर किंवा पुड्यावर मूळचं लेबल नसायचं. दुकानातून वस्तू आली की आत्या ती आधी कोमट पाण्यात बुडवून ठेवायच्या, नखाने लेबल सोलून काढायच्या आणि त्या जागी वहीच्या कागदाचा तुकडा चिकटवून नुसता आकडा लिहायच्या. एक, दोन, तीन. कुठला आकडा कुठल्या कंपनीचा, ते एका वहीत लिहिलेलं असे, आणि ती वही धान्याच्या कोठीमागे. त्यांच्याकडे चहाला गेलं की "साखर किती?" असं कोणी विचारायचं नाही. "दोन नंबर घेते का पाच नंबर?" असं विचारायच्या. घोट घेतला की डोळे बारीक करून आपल्या तोंडाकडे पाहत बसायच्या.

आत्या जाऊन आता दोन वर्षं होतील. त्या माझ्या सख्ख्या आत्या नव्हत्या. लग्न होऊन मी नागपूरहून जबलपूरला, कांचघर मोहल्ल्यात आले तेव्हा आमच्या भिंतीला लागून त्यांचं घर होतं आणि सगळी गल्लीच त्यांना आत्या म्हणायची. हिंदी बोलणारेसुद्धा बुआ न म्हणता 'आत्याजी' म्हणत. मंदाकिनी बक्षी हे पूर्ण नाव मला त्यांच्या दारावरच्या पाटीमुळे कळलं. लग्न केलं नव्हतं. संरक्षण खात्याच्या कारखान्यात सगळी नोकरी तपासणी विभागात झाली होती. माल तयार करणारे वेगळे, तपासणारे वेगळे. आत्या तपासणाऱ्यांपैकी. त्यांनी 'पास' म्हटलं तरच पेटी पुढे जायची. रिटायर झाल्यावर पेट्या थांबल्या, तपासणी थांबली नाही.

उंची बेताची, आवाज मोठा. गळ्यात काळ्या गोफात अडकवलेलं भिंग. चष्म्याच्या जुन्या डबीत चष्मा नसून मापं घ्यायची पट्टी. दुकानात गेल्या की पहिला प्रश्न ठरलेला, "भैया, इसमें माल कितने का है और डिब्बा कितने का?" कांचघरच्या बाजारातले दुकानदार त्यांना पाहून हसायचे आणि जरा सावरूनही बसायचे.

माझी आणि त्यांची पहिली गाठ कपडे धुण्याच्या पावडरीवरून पडली. माहेरी आम्ही एकच महागडी पावडर वापरायचो, आणि ती वापरणारं घर म्हणजे चांगलं घर, असं माझ्या डोक्यात पक्कं होतं. आत्यांनी भिंतीवरून माझ्या हातातला पुडा पाहिला.

"काहून घेते गं ही?"

"चांगली आहे म्हणून."

"कोणी सांगितलं?"

"सगळेच सांगतात," मी म्हटलं.

"अच्छा," आत्या म्हणाल्या आणि आत गेल्या.

चार दिवसांनी भिंतीवर सात पांढरे रुमाल वाळत होते. प्रत्येकावर हळद, चहा आणि मोहरीच्या तेलाचा एकेक डाग पाडून ते सात पावडरींनी धुतलेले. कोपऱ्यात आकडे टाचलेले. आत्या गल्लीतल्या येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला थांबवून, सगळ्यात स्वच्छ कोणता ते विचारत होत्या. दूधवाला, शाळेतून येणाऱ्या मुली, स्कूटर थांबवून समोरचे दुबेजी. मलाही विचारलं. मी अगदी खात्रीने सहा नंबरवर बोट ठेवलं. सहा नंबरची पावडर सराफ्याजवळच्या एका घरगुती कारखान्यात बनायची आणि प्लॅस्टिकच्या साध्या पिशवीत सुटी मिळायची. माझी चौथी आली होती.

माझा चेहरा पडला असणार. आत्या जवळ येऊन म्हणाल्या, "हे पाहा सुनीता, तुझी पावडर वाईट नाही. चांगलीच आहे. पण जेवढी महाग आहे तेवढी चांगली नाही. एवढंच सांगून राहिली मी."

मला राग आला होता. दोन आठवडे मी मुद्दाम तीच पावडर वापरली. मग सहा नंबर आणली.

पण आत्या म्हणजे स्वस्तच्या बाजूच्या, असं कोणी समजलं तर त्यांना खपायचं नाही. दुबेजींनी मुलासाठी रस्त्यावरून एक हेल्मेट आणलं, चमकदार लाल. मोठ्या कौतुकाने ते आत्यांना दाखवायला आले. "आत्याजी, देखिए, आधे से भी कम में!" आत्यांनी ते हातात घेतलं, आतून बोटाने दाबलं, आणि तडक गच्चीवर गेल्या. तिथून ते अंगणातल्या फरशीवर सोडलं. हेल्मेटचे तीन तुकडे झाले. दुबेजी तुकड्यांकडे पाहत उभे. आत्या वरूनच ओरडल्या, "दुबेजी, जहाँ जान का सवाल है, वहाँ मोलभाव नहीं! चलो, दुकान पे मैं साथ चलती हूँ." त्याच संध्याकाळी त्या दुबेजींच्या स्कूटरवर मागे बसून गेल्या आणि आयएसआय शिक्क्याचं, भारी हेल्मेट घेऊन आल्या. फुटलेल्याची भरपाई त्यांनी स्वतः केली. दुबेजी नको नको म्हणत होते. आत्यांचं म्हणणं, नमुना तपासणारा फोडतो, तर नमुना तपासणाऱ्याचाच.

आणि एकदा आत्या चुकल्या. ठळक चुकल्या.

घराला बाहेरून द्यायचा एक स्थानिक बनावटीचा रंग त्यांनी तपासला. आपल्याच भिंतीवर पट्टे मारून हिवाळा आणि सगळा उन्हाळा पाहिला. ऊन लागलं, धूळ बसली, घासून पाहिलं. रंग हलला नाही. आत्यांनी पास केला. गल्लीतल्या चार घरांनी त्यांच्या शब्दावर तोच लावला. पावसाळा संपता संपता चारही घरांच्या भिंतींचे पापुद्रे निघायला लागले.

कोणी तक्रार घेऊन यायच्या आत आत्याच छत्री घेऊन बाहेर पडल्या. चारही दारांशी जाऊन उभं राहून म्हणाल्या, "मेरी जाँच अधूरी थी. बारिश देखी ही नहीं मैंने. गलती मेरी है." त्या चार घरांत वाजपेयी म्हणून रेल्वेतले एक गृहस्थ होते, तोंडाचे फार तिखट. त्यांनी आत्यांना दारात उभं करून बरंच सुनावलं. आत्यांनी सगळं ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवशी सकाळी खरवडायला पत्र्याची पट्टी घेऊन त्यांच्याच भिंतीपाशी हजर. सत्तरीच्या बाई, पदर खोचून भिंत खरवडताहेत, आणि वाजपेयीजी आतून म्हणताहेत, "अरे, रहने दीजिए, रहने दीजिए!" चारही घरांना पुन्हा रंग लागला. स्वतःच्या भिंतीवरच्या सोललेल्या पट्ट्यांवर मात्र आत्यांनी लावला नाही. मी विचारलं तर म्हणाल्या, "राहू दे. येता-जाता दिसलं पाहिजे मला."

हे सगळं मी सांगते आहे ते ज्या एका गोष्टीसाठी, ती त्यानंतर तीन वर्षांनी घडली.

मी महाराजपूरच्या रस्त्यावर एका खाजगी शाळेत गणित शिकवत होते. आमच्या शाळेच्या मुलांचे मरून रंगाचे स्वेटर वीस वर्षं शकुंतला भाभी विणायच्या. कांचघरातच, आमच्या मागच्या गल्लीत, एका खोलीत विणकामाची मशीन घेऊन. नवरा वारलेला, मुलगी नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला. उन्हाळ्यापासून विणायला बसल्या की थंडीपर्यंत स्वेटर तयार व्हायचे. त्यावरच वर्ष निघायचं.

त्या वर्षी फेब्रुवारीत शाळेच्या सेक्रेटरींनी ठरवलं की पुढच्या हिवाळ्यापासून स्वेटर एका मोठ्या कंपनीचेच, ठरलेल्या एका दुकानातूनच. छातीवर कंपनीचं छोटं चिन्ह. किंमत जवळजवळ दुप्पट. आमच्या शाळेत कारखान्यातल्या कामगारांची, ऑटोवाल्यांची मुलं होती. दोन-दोन, तीन-तीन भावंडं. मी गणवेश समितीवर होते. बैठकीत मी हळूच म्हटलं की पालकांना जड जाईल. सेक्रेटरी साहेब हसून म्हणाले, "मैडम, क्वालिटी का सवाल है. महँगा रोए एक बार, सस्ता रोए बार-बार." माझी नेमणूक दर वर्षी नवी व्हायची. मी पुढे बोलले नाही.

संध्याकाळी शकुंतला भाभी माझ्याकडे रडत आल्या. मी त्यांना घेऊन आत्यांकडे गेले. मला वाटलं होतं आत्या ताडकन उठतील. त्या उठल्या नाहीत.

"मी कोणाची वकील नाही," त्या मला म्हणाल्या. मग भाभींकडे वळून, "पहले जाँच होगी."

"आत्याजी, बीस साल से जानती हो मुझे!"

"जानती हूँ. इसीलिए बिना जाँचे नहीं बोलूँगी. मेरे बोलने से क्या होगा? सब कहेंगे, पड़ोसन है."

कंपनीचा एक स्वेटर आम्ही विकत आणला, भाभींचा एक, बाजारातले दोन. आत्यांनी जुन्या शिलाई मशीनचं पायडल आणि चाक काढून असं काही जोडलं की पाय मारला की गोणपाट गुंडाळलेली एक वीट स्वेटरच्या कोपरावरून पुढे-मागे घासत राही. मुलं बाकावर कोपर घासतात, तसं. आठ दिवस आत्या दुपारी रेडिओ लावून पाय मारत बसल्या. सकाळी धुणं, दुपारी घासणं. भिंगाने टाके पाहायच्या आणि वहीत लिहायच्या. आम्हाला एक अक्षर सांगितलं नाही.

नवव्या दिवशी भाभींना बोलावलं. भाभींचा स्वेटर त्यांच्यासमोर ठेवला. कोपराशी जाळी झाली होती आणि पांढऱ्या रुमालावर मरून रंग उतरला होता. कंपनीचा जवळजवळ जसाच्या तसा.

"फेल," आत्या म्हणाल्या.

मला तो शब्द अजून ऐकू येतो. भाभी पांढऱ्या पडल्या. मग एकदम उसळल्या, "तो आप भी उन्हीं की तरफ़ हो!" आणि स्वेटर उचलून निघून गेल्या. मी आत्यांवर इतकी चिडले की त्या दिवशी त्यांच्याशी बोलले नाही. आत्या मात्र शांतपणे वीट सोडवून तिचं गोणपाट बदलत होत्या.

दोन दिवसांनी त्या स्वतःच भाभींच्या खोलीवर गेल्या. मीही मागोमाग गेले. आत्या दारातच जमिनीवर बसल्या.

"शकुंतला, बुनाई तेरी अच्छी है. कंपनी से अच्छी. ऊन खराब है. कहाँ से लाती है?"

भाभींनी लोकरीची पिशवी आत्यांपुढे सरकवली. मग म्हणाल्या की शाळा पाच वर्षं दर वाढवून देत नव्हती, म्हणून त्यांनी हळूहळू हलकी लोकर घ्यायला सुरुवात केली होती. कोणी काही म्हटलं नाही, म्हणून चालत गेलं.

"हेच तर!" आत्या माझ्याकडे वळल्या. त्यांचे डोळे चमकत होते. "पाहून राहिली ना? रोग सापडला की अर्धं काम झालं."

पुढचा सगळा महिना भाभींची खोली म्हणजे कारखाना झाला होता. तीन प्रकारची लोकर आणून झाली. एकीचा रंग उतरला, एक धुतल्यावर आटली, तिसरी टिकली. कोपराशी दुहेरी दोरा घालायची कल्पना भाभींची. बाहीचा टाका अधिक घट्ट करायची आत्यांची. पुन्हा वीट, पुन्हा धुणं. भाभी आता स्वतःच पायडल मारायला येऊन बसायच्या आणि आत्यांच्या आधी भिंग उचलून पाहायच्या. चांगली लोकर घेऊनही त्यांचा स्वेटर कंपनीच्या निम्म्यापेक्षा थोड्याच जास्त किमतीत पडत होता. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात आत्यांनी भाभींच्या स्वेटरचं कोपर उन्हात धरलं, उलटं केलं, ओढलं, आणि म्हणाल्या, "पास." भाभींनी वाकून त्यांच्या पायांना हात लावला. "माझ्या काहून पाया पडून राहिली," आत्या मराठीतच म्हणाल्या, "मशीनच्या पड."

समितीची शेवटची बैठक शाळेच्या हॉलमध्ये होती. आत्यांना आत कोणी बोलावणार, हा प्रश्न होता. रात्रभर विचार करून सकाळी मी प्रिन्सिपल मॅडमना चिठ्ठी लिहिली आणि खाली सही केली. मॅडमनी ती वाचली, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "दस मिनट."

हॉलमध्ये सेक्रेटरी साहेब, समितीचे इतर लोक, दोन पालक प्रतिनिधी आणि कंपनीचे एक अधिकारी होते. कडक इस्त्रीचा शर्ट, गळ्यात टाय. आत्यांनी टेबलावर सहा मरून स्वेटर पसरले. लेबलं आणि चिन्हं काढलेली. कॉलरपाशी पांढऱ्या दोऱ्याने आकडे शिवलेले. दोन कंपनीचे, दोन भाभींचे, दोन बाजारातले. सगळे सारखेच धुतलेले, सारखेच घासलेले.

"हाथ लगाइए, खींचिए, उल्टा करके देखिए. सबसे अच्छा कौन-सा, पर्ची पर नंबर लिखिए."

"ये कोई मेला है क्या?" सेक्रेटरी म्हणाले.

प्रिन्सिपल मॅडम तोवर उठल्या होत्या. त्यांनी एकेक स्वेटर हातात घेतला. मग बाकीचेही उठले. शेवटी सेक्रेटरीही. कंपनीचे अधिकारी बसूनच होते. आत्या त्यांच्याजवळ गेल्या आणि अगदी अदबीने म्हणाल्या, "आप भी देखिए ना. आपका अपना माल है, आप नहीं पहचानेंगे तो कौन पहचानेगा?"

ते हसत उठले. सहा स्वेटरांवरून हात फिरवला आणि चार नंबरचा उचलून सगळ्यांना दाखवला. "पर्ची की ज़रूरत नहीं. ये हमारा है. कोहनी देखिए, फ़िनिशिंग देखिए. ये चीज़ लोकल में नहीं आती."

आत्यांनी पिशवीतून वही काढली आणि आकड्यांचं पान प्रिन्सिपल मॅडमच्या हातात दिलं. मॅडमनी वाचलं. पुन्हा वाचलं. मग म्हणाल्या, "चार नंबर... शकुंतला."

मग एक पालक फस्सकन हसले आणि सगळा हॉल हसायला लागला. चिठ्ठ्या उघडल्या. बहुतेकांनी भाभींचाच कुठला तरी आकडा लिहिला होता, उरलेल्यांनी कंपनीचा. बाजारातल्या दोघांना एकही मत नव्हतं.

आत्या हसल्या नाहीत. "कंपनी का माल भी अच्छा है," त्या म्हणाल्या. "मैंने पास किया है. बाज़ार वाले दोनों फेल हैं, वो मत लीजिए. मैं बस ये कह रही हूँ कि दुकान का नाम मत लिखिए. स्वेटर कैसा चाहिए, वो लिखिए. जो वैसा बनाए, उससे लें." आणि एक कागद पुढे सरकवला. लोकर कोणती, टाका किती घट्ट, कोपर दुहेरी, रंग पक्का, छातीवर कोणाचंही चिन्ह नाही. एका पानात सगळं.

सेक्रेटरी साहेबांचा चेहरा लाल झाला होता. "और कल को सिकुड़ गया तो? पेरेंट्स हमको पकड़ेंगे, आपको नहीं. आपकी गारंटी का क्या भरोसा?"

आत्या उत्तर द्यायला तोंड उघडणार, तेवढ्यात दुसरे पालक प्रतिनिधी उभे राहिले. वाजपेयीजी. त्यांची नात आमच्या शाळेत सहावीत होती. ते उभे राहिले तशी मला त्यांची ती पापुद्रे निघालेली भिंत आठवली.

"इनकी गारंटी मैं बताता हूँ," वाजपेयीजी त्यांच्या त्या चढ्या आवाजात म्हणाले. "इनके कहने पर मैंने घर पुतवाया था. पूरा रंग उतर गया. मैं शिकायत करने जाता, उससे पहले ये खुद मेरे दरवाज़े पर खड़ी थीं. मैंने क्या-क्या नहीं कहा इनको. अगले दिन इन्होंने अपने हाथ से मेरी दीवार खुरची." त्यांनी कंपनीच्या अधिकाऱ्यांकडे पाहिलं. "साहब, आपका स्वेटर सिकुड़ेगा तो आप आएँगे मेरे घर?"

अधिकारी टाय सरळ करायला लागले. आत्यांनी मान खाली घातली होती. त्यांच्या डोळ्यांत पाणी मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

प्रिन्सिपल मॅडमनी आत्यांचा तो कागद उचलला, पेन काढलं आणि सेक्रेटरींच्या पुढ्यात ठेवलं. सेक्रेटरींनी सगळ्यांच्या तोंडाकडे एकदा पाहिलं आणि सही केली. बाहेर फाटकापाशी शकुंतला भाभी चिंचेखाली उभ्या होत्या. मी धावत जाऊन सांगितलं तर त्यांना खरंच वाटेना. मग आत्या चालत आल्या आणि लांबूनच ओरडल्या, "शकुंतला! दो औरतें और रख ले काम पर. अकेली से नहीं होगा!"

भाभींनी दोन नाही, चार ठेवल्या. माझी नेमणूकही गेली नाही. दिवाळीनंतर थंडी पडली आणि मुलं स्वेटर घालून यायला लागली. बहुतेकांनी भाभींचे घेतले, काहींनी कंपनीचेही. ज्याला जे परवडेल आणि आवडेल ते.

त्याच आठवड्यात आत्या नागपूरला भाचीकडे जाणार होत्या, गुडघ्याच्या ऑपरेशनला. तिकडून त्या परतल्या नाहीत. जायच्या आदल्या दिवशी मधल्या सुट्टीत त्या शाळेत आल्या. मी मैदानाच्या जाळीपाशी त्यांच्याशेजारी उभी राहिले. कोवळं ऊन होतं. सगळं मैदान मरून रंगाने भरलेलं, मुलं धावताहेत, पडताहेत, एकमेकांच्या बाह्या ओढताहेत. आत्यांनी चष्मा कपाळावर चढवला, भिंग डोळ्याशी नेलं, मग दोन्ही काढलं आणि जाळीला नाक लावून पाहत राहिल्या. या मुलाकडे, त्या मुलीकडे. बराच वेळ.

"कोणता कंपनीचा आणि कोणता शकुंतलाचा गं?" त्यांनी मला विचारलं.

"मला नाही ओळखू येत, आत्या."

"मलाही नाही!" त्या म्हणाल्या, आणि जाळी दोन्ही हातांनी धरून, मैदानातली मुलं थांबून वळून पाहतील इतक्या मोठ्याने हसायला लागल्या.